शीमास्तरांची गोचीड

तोंडावर त्यांना सगळे मास्तर म्हणायचे आणि पाठ वळली की शीमास्तर. शाळेतले मास्तर नव्हेत, बाइंडिंगचे. गल्लीच्या टोकाला, सायकल दुरुस्तीवाल्याला लागून त्यांची एक लांबट खोली होती. वर घर, खाली दुकान. दुकानात पुठ्ठे, कापडाचे गुंडाळे, शिवायची लाकडी चौकट, दोन दाबयंत्रं, आणि मधोमध, एकत्र कुटुंबात थोरली जाऊ बसावी तसं, कागद कापायचं मशीन. बिडाचं, काळंकुट्ट. चाक फिरवलं की गठ्ठा दाबला जायचा आणि दांडा ओढला की हातभर लांबीचं पातं खाली यायचं. चाळीस वर्षं मास्तर त्या दांड्याला लोंबकळले होते.

आणि त्या चाळीस वर्षांत असा एक दिवस गेला नाही की त्यांना कशाची तरी किळस आली नाही. ओल्या हाताची किळस, सुक्या खोकल्याची किळस. दुसऱ्याने बसून ऊब आणलेल्या खुर्चीची किळस. कपाच्या कडेला चहाचा ओघळ वाळलेला दिसला की तो चहा नाही, तो कप नाही आणि त्या घरी पुन्हा पाऊल नाही. शेजारचा सायकलवाला मोठा द्वाड. मास्तर ओट्यावर आले की तो ग्रीसने बरबटलेलं बोट कानात घालायचा, सावकाश फिरवायचा, बाहेर काढून उजेडात न्याहाळायचा. मास्तर "शी!" करून आत पळायचे आणि सायकलवाल्याचा दिवस सार्थकी लागायचा.

नशिबाची थट्टा बघा, धंदा मिळाला तो लोकांच्या घाणीचा. मोठ्या वाचनालयाची फाटकी पुस्तकं त्यांच्याकडे यायची. पुस्तक उसवलं की आतून काय काय निघतं हे वाचणाऱ्यांना ठाऊक नसतं, आणि नसतं तेच बरं. केस, नखं, चपटा झालेला ढेकूण, मेणासारखं काहीतरी जे मेण नसतं. पानांच्या कोपऱ्यांवर थुंकी लावलेल्या बोटांचे तपकिरी शिक्के. मास्तर चिमट्याने एकेक ऐवज उचलत आणि बायकोला ऐकवत.

"हे बघ. हा रहस्यकथावाला. दर खुनाला नाक कोरतो. एकशेबारा पानावर एक, दोनशेचाळीसवर एक, आणि शेवटच्या प्रकरणात तर... शी!"

"आणि ते कवितांचं?"

"ते स्वच्छ आहे. कोणी उघडलेलंच नाही."

पण त्यांच्या किळसेची पट्टराणी म्हणजे चिकटपट्टी. कोणीतरी फाटकं पान चिकटपट्टीने जोडायचं. वर्षभरात ती पिवळी पडायची, कडांना पाझरायची, त्या पाझराला धूळ, केस आणि मुंग्यांचे पाय चिकटायचे. "फाटलं तर खळ लावा, पातळ कागद लावा, दाबाखाली ठेवा," मास्तर गरजायचे. "चिकटपट्टी लावतो तो माणूस दुरुस्ती करत नाही, पुस्तकाला रोग लावतो!"

आता बाईंचं सांगायला हवं. मास्तरांची बायको तीस वर्षं इस्पितळात आया होती. लोकांचं गू-मूत काढलं, पू पुसला, मेलेल्यांचे डोळे मिटले, आणि संध्याकाळी घरी येऊन स्वयंपाक केला. ती जिन्यात शिरली की तिच्याआधी तिचा वास वर यायचा. इस्पितळाचा वास, कडवट, औषधी, घशाच्या मागे जाऊन चिकटणारा. मास्तर वरूनच ओरडायचे, "आधी मोरी!" मग बाई आंघोळ करायची, कपडे बदलायची, आणि ताट वाढताना पाढा सुरू.

"हात?"

"धुतले."

"साबणाने?"

"साबणाने."

"कोपरापर्यंत?"

"खांद्यापर्यंत धुतलेत. आता डोकं उडवून धुऊ का?"

एवढं झाल्यावर पहिला घास. पाच वर्षांपूर्वी बाई निवृत्त झाली. पाढा निवृत्त झाला नाही.

मास्तरांना साखरेचा आजार जुना. जेवणाआधी पोटात सुई टोचून घ्यायची, ती बाई टोचायची. जो माणूस दिवसभर दाभणाने जाड जाड वह्या भोसकायचा, त्याला स्वतःच्या पोटात केसाएवढी सुई गेलेली बघवत नसे. भिंतीकडे तोंड, डोळे मिटलेले, नाक दाबलेलं. "नाक कशाला दाबता?" बाई विचारायची. "सुईला कुठे वास असतो?" पण मास्तर नाक दाबायचेच.

नियम एकच होता: सुई टोचली की लगेच जेवायचं. नाहीतर औषध रक्तातली साखर खाऊन टाकतं आणि माणूस कोसळतो. एका दुपारी बाईने दुकानातच सुई दिली, डबा उघडला, आणि भाजीवर एक लांब पांढरा केस निघाला.

"शी! केस!"

"माझाच आहे. काही परक्याचा नाही."

"कोणाचाही असो, केस तो केस. उचल तो डबा."

बाईने डबा आपटला. "थांबा, दुसरं करून आणते. पण तोवर ही दोन बिस्किटं खा," असं म्हणून ती वर गेली. बिस्किटाच्या पुड्यावर मास्तरांना कोणाच्या तरी बोटाचा तेलकट ठसा दिसला. पुडा त्यांनी चिमट्याने उचलून बाजूला ठेवला आणि मशीनकडे वळले. एका कचेरीची चाळीस रजिस्टरं कापायची होती. गठ्ठा लावला, चाक फिरवलं. कपाळावर घाम आला, हात थरथरायला लागले. त्यांना वाटलं केसाच्या आठवणीने कसंसं होतंय. दांडा ओढला आणि मास्तर दांड्यासकट खाली.

रजिस्टरं तिरकी कापली गेली. त्यांच्याबरोबर सदऱ्याची बाही, मनगटापासून पहिल्या गुंडीपर्यंत. गुंडी दुसऱ्या दिवशी कतरणीत सापडली. हात वाचला तो एका गुंडीच्या अंतराने.

लेक धावत आली. ही बसडेपोत वेळापत्रकं बनवायची. तिच्या आयुष्यात उशीर नव्हता आणि दयामायाही जरा बेताचीच होती.

"बाबा, मशीन विकायचं."

"मग मी काय करू? लोणच्यासारखा बरणीत बसू?"

"शिवा, चिकटवा, पुठ्ठे चढवा. कापायला दुसऱ्याकडे पाठवा."

"दुसऱ्याकडे? त्यांच्या पात्याला काय काय लागलेलं असतं! आणि कापता येत नाही तो बाइंडर कसला? तो पाकिटं चिकटवणारा."

"हात नसलेला बाइंडर बघायचाय का तुम्हाला?"

लेकीने पात्यावर लाकडी पेटी बसवून तिला कुलूप घातलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि भंगारवाल्याला येऊन मशीन बघून जायला सांगितलं.

मास्तर रडकुंडीला आले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मधला मार्ग काढला. अंगावर लावायची एक डबी निघाली आहे म्हणे. काडेपेटीएवढी. आत औषध भरायचं, पोटाला चिकटवायची. ती स्वतःच एक बारीक मऊ नळी कातडीखाली सोडते आणि दिवसभर थेंबथेंब औषध देते. दंडावर रुपयाएवढी एक चकती, ती साखर मोजते. साखर उतरायला लागली की डबी औषध थांबवते; साखर उतरो की चढो, फोनवर बोंब मारते, आणि औषध संपत आलं की स्वतःही वाजते. "तीन महिने ही लावून नीट राहिलात, एकदाही चक्कर आली नाही, तर मशीनवर उभं राहायला माझी हरकत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. लेकीने होय म्हटलं. तीन महिने. तोवर किल्ली तिच्याकडे.

कंपनीचा माणूस डबी दाखवायला आला. त्याच्याजवळ रबराचं एक पोट होतं, सराव करायला. शेकडो लोकांनी हाताळून त्या पोटाला काळपट चकाकी आली होती आणि बेंबीत मळ साचला होता. रबराच्या बेंबीत!

"हात लावून बघा ना काका."

"मी मेलो तरी लावणार नाही."

"अहो, एकदम कातडीसारखं आहे."

"म्हणूनच!"

बाईने सगळं शिकून घेतलं. पहिली डबी तिनेच लावली. चिकटवली, बटण दाबलं, आत टिकटिक झाली आणि खट्ट करून नळी पोटात गेली. मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे होते, त्यांनी एवढंच विचारलं, "आत काय आहे आता?"

"नळी."

"म्हणजे ती आत राहणार? आत राहून... थेंब सोडणार?"

"तीन दिवस. मग दुसरी."

"गोचीड आहे ही!" मास्तर किंचाळले. "कुत्र्याच्या कानात असते तशी! फरक इतकाच की ती शोषते आणि ही ओकते. माझ्या आत ओकते!"

तेव्हापासून डबीचं नाव गोचीड पडलं. सायकलवाला रोज सकाळी विचारायचा, "काय मास्तर, गोचीड जेवली का?"

गोचीड घेऊन जगणं म्हणजे मास्तरांना रोज थोडं थोडं मरण. दिवस उन्हाळ्याचे. डबीच्या कडेच्या पट्टीला घाम धरायचा, घामाला सदऱ्याची लव चिकटायची, लवेवर कागदाची धूळ बसायची, आणि दुसऱ्या दिवशी डबीभोवती काळी किनार यायची. जुन्या चिकटपट्टीला येते हुबेहूब तशी. आंघोळीला गेले की ती हाताला लागायची आणि मास्तर मोरीतूनच ओकाऱ्या द्यायचे. कुशीवर वळता यायचं नाही. वाचनालयाच्या समितीपुढे ते नमुन्याचे पुठ्ठे दाखवत होते, तेव्हा पोटातून "टीं टीं टीं" आवाज आला. सगळे त्यांच्या पोटाकडे बघायला लागले. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "भूक लागली असेल." मास्तरांना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

पण मान्य करायला हवं, औषधाचं काम गोचीड चोख करत होती. एकदाही चक्कर नाही. आठवडे जात होते आणि कुलपाकडे बघत मास्तर दिवस मोजत होते.

दर तिसऱ्या दिवशी बाई जुनी काढायची, नवी लावायची. आणि दर तिसऱ्या दिवशी पाढा आता तीनदा. जुनी काढायच्या आधी हात, काढल्यावर हात, नवी लावायच्या आधी हात. नवव्या आठवड्यात बाईने साबणाची वडी मास्तरांसमोर धरली. "ही बघा. झिजून पापडी झाली. माझ्या हातांचीही हीच गत आहे. आता एकदाच धुणार. पटत नसेल तर गोचिडीला सांगा, स्वतः उडी मारून बसायला." मास्तर भिंतीकडे वळले, पण वळण्याआधी तिच्या बोटांकडे असे बघत राहिले की जणू त्या बोटांतूनच रोग ठिबकतोय. बाईने ते पाहिलं.

दहाव्या आठवड्यात डबीची कड उचलली जायला लागली. घामच तेवढा होता. डॉक्टरीणबाईंनी त्यासाठी वेगळी पट्टी दिली होती: डबीभोवती गोल लावायची, पारदर्शक, कातडीसाठीच केलेली. मास्तरांनी ती उघडून पाहिली.

"ही चिकटपट्टी आहे."

"औषधाची आहे हो," बाई म्हणाली.

"चिकटपट्टी ती चिकटपट्टी. चाळीस वर्षं लोकांना शिव्या घातल्या, आता स्वतःच्या पोटाला लावू? वाचनालयात तोंड कसं दाखवू?"

"वाचनालयात पोट कोण बघणार आहे तुमचं?"

पट्टी कचऱ्यात गेली. आणि दुपारी, बाई बाजारात गेलेली बघून मास्तरांनी जे केलं ते जगात फक्त एक बाइंडरच करू शकतो. शेगडीवर मैद्याची खळ शिजवली. जुन्या सवयीने तिच्यात चिमूटभर मोरचूदही घातलं. ते निळं विष खळीत असलं की पुस्तकाला झुरळ लागत नाही. मग किरमिजी बाइंडिंग कापडाची गोल चकती कापली, मधे डबीच्या मापाचं भोक पाडलं, खळ लावली, आणि आरशात न बघता, नुसत्या हाताच्या अंदाजाने, डबीभोवती बसवली. बोटाने हवा काढली. वर पुठ्ठा ठेवून पोटावर पट्टा आवळला आणि अर्धा तास दाबाखाली पडून राहिले. उठले तेव्हा डबी दगडासारखी घट्ट. मास्तरांना त्या डबीबद्दल पहिल्यांदाच जराशी आपुलकी वाटली. आता ती बांधलेली होती.

बाईला त्यांनी सांगितलं नाही. डबी आजच बदलली होती. तीन दिवस कोणी सदरा वर करणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पोटाला खाज सुटली. मास्तरांनी सदऱ्यावरून खाजवलं. संध्याकाळी आग व्हायला लागली. बघायचं म्हणजे सदरा वर करून ते ओलं, चिकट काहीतरी बघायचं. मास्तरांनी बघितलं नाही. बाईला दाखवावं, तर ती डॉक्टरीणबाईंकडे नेणार, त्या लेकीला सांगणार, आणि किल्ली कायमची जाणार. राहिलेत किती, तर दोन आठवडे. मास्तरांनी दात-ओठ आवळून सहन केलं. खळीला घाम लागून ती आंबायला लागली होती. उबट, आंबूस वास सदऱ्यातून वर यायचा. आपणच आतून नासतोय असं वाटून त्यांना जेवण जाईना.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून फोन बोंबलत होता. गोचीड काहीतरी सांगत होती. तो आवाज गल्लीत जाऊन सायकलवाल्याने थट्टा करू नये म्हणून मास्तरांनी फोन कतरणीच्या पोत्यात खोल खुपसला. घसा कोरडा पडत होता. त्यांनी अख्खा माठ रिकामा केला. आणि या सगळ्याच्या वर एक वास. ओळखीचा. कडवट, औषधी, घशाच्या मागे चिकटणारा.

दुपारी बाई चहा घेऊन खाली आली.

"इस्पितळात गेली होतीस?" मास्तरांनी तोंड फिरवून विचारलं.

"मी? कशाला?"

"खोटं बोलू नकोस. वास येतोय. तुझा वास. जिन्यात यायचा तोच. आधी मोरीत जा."

बाईने आपली बाही हुंगली. हात हुंगले. मग कप खाली ठेवून ती मास्तरांच्या जवळ आली. ते मागे सरकले, ती आणखी पुढे. वाकून तिने त्यांच्या पोटापाशी नाक नेलं.

"हा माझा नाही," ती म्हणाली. "तुमचा आहे. हा औषधाचा वास आहे. ते टिकायला म्हणून जे घालतात त्याचा. डबी गळतेय. औषध आत जातच नाहीये, बाहेर वाहतंय. फोन कुठे आहे?"

मास्तर उत्तर द्यायला तोंड उघडणार, तर तोंडातून उत्तराऐवजी सकाळपासूनचं सगळं पाणी बाहेर आलं. नुकत्याच शिवलेल्या वहीवर, कापडावर, बाईच्या पायांवर. दुसऱ्याची ओकारी नुसती ऐकून खोली सोडणारा माणूस स्वतःच्या ओकारीत गुडघ्यांवर बसला होता.

बाईने सदरा वर केला. किरमिजी कापडाची चकती बसलेली, कड कशी गोल, एकही सुरकुती नाही. कारागिरी उत्तम. तिने ती सोलली, आणि कापडाबरोबर कातडीचा पापुद्राही निघाला. खाली निळसर हिरव्या डागांत पिकलेले फोड, त्यांत लपलपीत आंबलेली खळ, तिच्यात औषधाचा ओघळ, आणि डबीची मऊ नळी बाहेर लोंबत असलेली. ओल्या खळीने पट्टी खालून सोडवली होती आणि कापडाने ती वरून झाकून ठेवली होती.

तीस वर्षं आयाचं काम केलेल्या त्या बाईच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा शब्द निघाला, "शी!"

मग मात्र ती थांबली नाही. वर जाऊन फ्रिजमध्ये जपून ठेवलेली जुनी सुई आणली, टोचली, त्याच ओल्या हातांनी मास्तरांना उठवलं आणि सायकलवाल्याला हाक मारली. त्याने सामान वाहायच्या टेम्पोत घालून इस्पितळात नेलं. वाटेत त्याने एकदाही कान कोरला नाही, यावरून मास्तरांचा अवतार काय झाला असेल ते समजून घ्यावं. दोन दिवस ते तिथे पडून होते. सगळं काही पलंगावरच. कोणी एक अनोळखी आया येऊन त्यांचं खालचं काढून नेत होती. ती हात धुऊन आली की न धुता, हे विचारायची त्यांच्यात ताकद नव्हती.

घरी आल्यावर दुसऱ्याच सकाळी लेक दारात उभी राहिली. मागे भंगारवाला, त्याच्या खांद्यावर दोर आणि हातात लोखंडी पहार.

"डबी सुटली कशी?" लेकीने विचारलं.

मास्तरांनी बायकोकडे बघितलं. घामाने सुटली, एवढं जरी ती म्हणाली असती तरी चाललं असतं. त्यांच्या डोळ्यांत अशी विनवणी होती की दगडालाही पाझर फुटावा.

"खळीने चिकटवली होती यांनी," बाई म्हणाली. "मोरचूद घालून."

लेक आधी हसली, मग तिचं हसू मावळलं. "झालं तर. उचला हो मशीन."

"थांब," बाई म्हणाली. "मशीन राहू दे. पण यापुढे ती डबी मी लावणार नाही."

"तू नाही तर कोण लावणार?" मास्तर घाबरले.

"तुमचे हात आहेत ना? स्वच्छ आहेत."

"अगं, पण मला बघवत नाही ते. मला किळस येते, तुला माहीत आहे."

"माहीत आहे." बाई स्टुलावर बसली. "तीस वर्षं मी लोकांची घाण काढली. मला कधी किळस आली नाही, कारण ते बिचारे आजारी होते. मला किळस कशाची येते सांगू? घरी येऊन हात पुढे करून उभं राहायची. कोपरापर्यंत धुतलेस का, खांद्यापर्यंत धुतलेस का. तुमची येते मला किळस. पस्तीस वर्षं येतेय. तरी तुमचं पोट हातात धरलं ना मी? आता तुम्ही धरा."

भंगारवाल्याने दोर या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला.

लेकीने इस्पितळातून आणलेली नवी डबी पर्समधून काढून कापायच्या मशीनच्या पाटावर ठेवली, शेजारी औषधाची बाटली, कापूस, मलम आणि ती गोल पारदर्शक पट्टी. "इथे. आमच्यासमोर. तीन महिन्यांचं राहू दे, जमलं तर किल्ली. नाहीतर हे गृहस्थ उभेच आहेत."

मास्तरांनी हात धुतले. सदरा वर केला. मान खाली घातली आणि स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून इतक्या जवळून बहुधा पहिल्यांदाच. पांढरट, लोंबतं पोट; डाव्या बाजूला खपली धरलेली हिरवी-पिवळी जखम, तिच्या कडेने अजून ओल सुटत होती. आधी ती पुसायची होती. कापूस लागला तसा खपलीचा एक तुकडा कापसावर आला, आणि मास्तरांना मोठी ओकारी आली. त्यांनी ती गिळली. भंगारवाला म्हणाला, "ताई, मी जरा बाहेर थांबतो." लेक म्हणाली, "थांबा इथेच." तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मलम लावलं. बाटलीतलं औषध डबीत भरताना एक थेंब बोटावर सांडला; मास्तरांना नाक दाबायचं होतं, पण दोन्ही हात कामात होते. तो वास त्यांनी तसाच आत घेतला. उजव्या बाजूची कातडी चिमटीत धरली, डबी बसवली, बटण दाबलं. टिकटिक सुरू झाली. "बघा," बाई म्हणाली. "डोळे उघडे." खट्ट. मास्तरांच्या तोंडातून एक विचित्र आवाज निघाला, गंजलेलं कुलूप उघडताना येतो तसा.

राहिली पट्टी. तिचा कागद त्यांनी नखांच्या टोकांनी सोलला. ती डबीभोवती लावली, बोटाने हवा काढली. एका जागी सुरकुती राहिली. मास्तरांनी ती उचलून पुन्हा नीट बसवली.

लेकीने किल्ली पाटावर ठेवली आणि भंगारवाल्याला म्हणाली, "चला." तो बाहेर पडला आणि म्हणे शेजारी सायकलवाल्याकडे पाणी मागून चूळ भरूनच पुढे गेला.

मास्तरांची किळस त्यानंतर गेली, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. उलट आता त्यांना स्वतःचीही किळस यायला लागली, एवढीच भर पडली. दर तिसऱ्या दिवशी सकाळी ते दुकानाचं दार आतून लावून घेतात. बाई बाहेर ओट्यावर पाठ करून बसते. आतून कापूस फाटल्याचा आवाज, मग खोकल्यासारखं काहीतरी, मग बादलीत काहीतरी पडल्याचा आवाज. ती उठत नाही. खट्ट झाल्याशिवाय मान वळवत नाही.

दार उघडतं. मास्तर पांढरेफटक.

"झालं?"

"झालं."

"ओकलात?"

"ओकलो."

"बादली धुतलीत?"

"धुतोय."

"धुवा. आणि मग लावा गठ्ठा. कचेरीवाल्याचा माणूस दोनदा येऊन गेला."